कळवले, पण जाहीर केले नाही

मागच्या वर्षी मार्गशीर्षातल्या एका मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास माझे थोरले चुलते अहमदपूरच्या राहत्या घरातून बाहेर पडले आणि परतले नाहीत. वय सत्त्याहत्तर. अंगात पांढरा सदरा, राखी पँट, पायात चपला. चार वर्षांपासून विस्मरणाचा आजार. ही गोष्ट रविवारपर्यंत जाहीर करायची नाही, असे घरच्यांनी ठरवले. ठरवणाऱ्यांत मी होतो.

मी नांदेडला एका दैनिकात उपसंपादक आहे. तालुक्यांची पाने माझ्याकडे असतात. कोणती बातमी जाईल, किती जाईल आणि कुठल्या शब्दात जाईल, हे पाहणे हे माझे काम. या कामाची सुरुवात ज्या बातमीने झाली तिच्यात मी लिहिले होते, 'गावात पाणीटंचाई असल्याचे सरपंचांनी जाहीर केले.' तेव्हाच्या वृत्तसंपादकांनी 'जाहीर केले'भोवती पेनाने गोल काढला आणि मला टेबलाजवळ बोलावले.

"सरपंचानं जाहीर केलं म्हणजे काय केलं? ग्रामसभा घेतली? माईक लावला?"

"नाही. मला फोनवर सांगितलं."

"मग 'सांगितले' लिहा. जाहीर करायला सगळ्यांचे कान लागतात. तुमचे दोन लागले."

पुढे बरीच वर्षे ते असे गोल काढत राहिले. मंत्र्याची घोषणा ही अजून व्हायच्या गोष्टीची असते, निकाल जाहीर होतो तो होऊन गेलेल्या गोष्टीचा. पुस्तक प्रकाशित होते, बातमी प्रसिद्ध होते. पोलिसांत देतात ती वर्दी. ती देणाऱ्याची सही लागते, म्हणून ती देताना माणूस जपून बोलतो. दवंडी गावच्या शिवेच्या आत राहते. कळवणे हे नेहमी कुणाला तरी असते, सगळ्यांना कधीच नसते. बोभाटा कुणी केल्याचे मान्य करत नाही. तो झाला, एवढेच लोक सांगतात.

चुलत्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणायचो. त्यांचा शब्द यांपैकी कुठलाच नव्हता. ते पुकारायचे. एसटीत वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची बहुतेक नोकरी अहमदपूरच्या स्टँडवर गेली. चौकशीच्या खिडकीमागे बसून, एका हाताने माईकची मान धरून ते गाड्या पुकारत. "प्रवाशांनी लक्ष द्यावे. अहमदपूरहून लोहामार्गे नांदेडला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे." 'लागलेली आहे' हे शेवटचे दोन शब्द ते सावकाश म्हणत. तोवर धावत येणारा माणूस गाडीच्या दाराशी पोचतो, असे त्यांचे म्हणणे होते. मी पेपरात लागलो तेव्हा मला म्हणाले, "तुझी बातमी उद्या कळणार. माझी गाडी सुटायच्या आत कळते. सांग, मोठा पेपर कुणाचा?"

स्टँडवर हरवलेली पोरे त्यांच्याच खिडकीशी आणून सोडत. अण्णा पोराला टेबलावर बसवत, हातात बिस्किटाचा पुडा देत आणि लगेच पुकारत. निळा सदरा, पायात बूट नाही, नाव सांगत नाही. एखादी आई रडत आली आणि आधी आपण शोधू म्हणाली तर ते म्हणत, "बाई, आधी पुकारू द्या. शोधायला पाय दोनच हायत."

निवृत्तीनंतर बरीच वर्षे ते रोज सकाळी स्टँडवर जाऊन बसत. मग आजार सुरू झाला. आधी जेवल्याचे विसरू लागले, नंतर घर. दोनदा स्टँडवरून ओळखीच्या माणसांनी त्यांना घरी आणून सोडले. तेव्हापासून फाटकाला आतून कडी असायची. त्या मंगळवारी सिलिंडर आला होता आणि कडी लावायची राहिली.

मंगळवारी दुपारी दादाचा फोन आला. दादा म्हणजे अण्णांचा एकुलता मुलगा, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. एका शाळेत लिपिक आहे. तो म्हणाला, "अण्णा तुझ्याकडं आलेत का?" मी नाही म्हणालो. तो म्हणाला, "बरं. कुणाला बोलू नको." आणि फोन ठेवला.

बुधवारी माझी साप्ताहिक सुट्टी होती. सकाळच्या गाडीने मी अहमदपूरला गेलो. घरात फराळाचे डबे, फुलांच्या माळांची खोकी आणि भाड्याने आणलेल्या गाद्या होत्या. दादाच्या मुलीचा साखरपुडा रविवारी होता. मुलगा उदगीरकडचा, सहकारी बँकेत नोकरीला. दोन वर्षांत मोडलेल्या दोन सोयरिकींनंतर ही जमली होती. मुलाकडचे पाहायला आले तेव्हा अण्णांना आतल्या खोलीत निजवले होते आणि त्यांना ताप असल्याचे सांगितले होते.

"तुला सगळं माहीत हाय," दादा म्हणाला. "आजोबाचं डोकं फिरलंय म्हणल्यावर ते काय म्हणतील? हे रक्तात असतंय म्हणतील. उद्या पोरीलाही व्हईल म्हणतील."

"पोलिसांत गेलास का?"

"ओळखीच्या जमादाराला सांगून ठेवलंय."

"नोंद केली का?"

"नोंद केली की फोटो जातो सगळ्या ग्रुपवर. मग तुझा तालुक्याचा माणूस बातमी धाडतो. तूच लावतोस ना त्या बातम्या?"

मी हो म्हणालो.

नातेवाइकांना फोन गेले होते, तेही एका ठरावीक पद्धतीने. 'अण्णा हरवलेत' असे कुणालाही म्हटले नव्हते. 'अण्णा तुमच्याकडं येतो म्हणत होते' असे म्हणायचे आणि पलीकडून काय येते ते ऐकायचे. कुणी 'कधी येणार? पाठवा की' म्हणाले की तिथे नाहीत असे समजायचे. अशा फोनांची यादी दादाने वहीच्या पाठकोऱ्या पानावर केली होती आणि प्रत्येक नावापुढे फुली होती. लातूरच्या बाजूला अण्णांच्या दोन बहिणी, एक मेहुणा आणि जुने सहकारी होते, म्हणून मोटारसायकलवरून शोध घेतला तो लातूरच्या रस्त्याने. चाकूरपर्यंत प्रत्येक धाबा पाहून झाला होता.

दुपारी शेजारचे टेम्पोवाले चाचा आले. त्यांना कुणी सांगितले नव्हते. त्यांनी दोन दिवस अण्णांना ओट्यावर पाहिले नव्हते, एवढेच. ते उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले.

"मस्जिदीतून ऐलान करून देतो ना भाई. पाच मिनटाचं काम हाय. परवा एक बकरी हरवली तर तिचं केलं, अन् आपल्या अण्णांचं न्हाई करायचं?"

"नको चाचा. ते गावाला गेलेत. येतील."

"कोणत्या गावाला?"

दादा फुलांच्या माळांची खोकी सरकवू लागला. चाचांनी माझ्याकडे पाहिले. मी खाली वाकून चपलेचा पट्टा लावला. ते म्हणाले, "ठीक हाय. पण लई थंडी पडून राहिली, एवढं बघा." आणि गेले.

मी स्टँडचे सुचवले. अण्णा कुठे जाणार, तर आधी स्टँडवरच जाणार. दादाला ते माहीत होते. तो एकदा स्टँडवर जाऊन आलाही होता. फलाटावरून चक्कर मारली, बाकांवर पाहिले आणि कुणाशी न बोलता परतला. "तिथं शेंगावालाही अण्णांना ओळखतो," तो म्हणाला. "स्टँडवर इचारलं म्हणजे चार तालुक्यांत पुकारलं. स्टँडवर सांगायचं न्हाई."

काकू, म्हणजे अण्णांची बायको, स्वयंपाकघराच्या दाराशी बसून तांदूळ निवडत होती. दोन दिवसांत तिला कुणी काही विचारले नव्हते. तिने मधे एकदाच तोंड उघडले. "सापडल्यावर त्यांना साखरपुड्यात बसवणार का आतच निजवणार?" दादा म्हणाला, "आई, तू गप." नात भिंतीला टेकून उभी होती.

शेवटी असे ठरले की रविवारपर्यंत आपल्याआपल्यात शोधायचे. सोमवारी वर्दी द्यायची आणि फोटोसह बातमी मी लावायची. मी बातमी तिथेच तयार केली आणि दादाला वाचून दाखवली. त्याने 'विस्मरण' हा शब्द काढायला लावला. मी काढला.

गुरुवारी मी कामावर होतो. आमच्याकडे लांबच्या तालुक्यांची पाने छपाईला आधी सोडावी लागतात, कारण त्यांच्या अंकांची गाडी आधी निघते. हिमायतनगर, किनवट, माहूरचे पान संध्याकाळी सातच्या आत जाते. त्या दिवशी सव्वासहाला दोन कॉलमची जाहिरात आली आणि लावलेले पान मोडावे लागले. पान लावणारा ऑपरेटर स्क्रीनकडे पाहत म्हणाला, "सर, हिमायतनगरची एक छोटी बसत नाही. तीन ओळी जास्त होतायत."

"कसली आहे?"

"स्टँडवर म्हातारा बेशुद्ध. अनोळखी."

"खालून काढा."

बातमी खालून कापायची, हा आमच्या कामाचा पहिला नियम आहे. बातमीदाराला तशीच लिहायला शिकवलेले असते. काय झाले, कुठे, कधी, ते वर. बाकीचे उतरत्या महत्त्वाने खाली. त्यामुळे पान लावणाऱ्याला बातमी वाचावी लागत नाही. शेवटच्या ओळी उडवल्या तरी बातमी उभी राहते. ऑपरेटरने तीन ओळी काढल्या. बातमी सहा ओळींची राहिली. मी मथळा पाहिला, गावाचे नाव पाहिले आणि पान सोडले. 'बसस्थानकात वृद्ध बेशुद्धावस्थेत' हा मथळा हिवाळ्यात आमच्याकडे नेहमीचा असतो. तिसऱ्या ओळीत वय अंदाजे पंच्याहत्तर आणि पांढरा सदरा होता. मी ती ओळ तेव्हा वाचली नाही. आम्ही लातूरच्या बाजूला शोधत होतो आणि हिमायतनगर नांदेडच्याही पलीकडे आहे. शिवाय आम्ही बातमी दिलेली नव्हती, त्यामुळे अण्णांना बातमीत शोधावे असे माझ्या मनात आले नाही.

ती शुक्रवारच्या अंकात प्रसिद्ध झाली. अहमदपूरला आमची लातूर आवृत्ती जाते. तिच्यात ती नव्हती.

शुक्रवारी दुपारी अण्णांच्या नातीचा फोन आला. ती गच्चीवरून बोलत होती; मागे मांडववाल्यांचे ठोकणे ऐकू येत होते.

"काका, तुम्ही फोटो छापा."

"तुझ्या पप्पांनी सोमवारी म्हटलंय."

"आज चौथा दिवस हाय. रात्री किती थंडी असती. माझ्या साखरपुड्यासाठी आजोबाला बाहेर ठिवलंय का आपण?"

"पप्पांशी बोलतो."

"तुम्ही पेपरात हाव ना? मग तुम्हीच कसे इचारता सगळ्यांना?"

मी दादाला फोन केला. तो म्हणाला, "दोन दिवस हायत रे. दोनच दिवस." मी बातमी लावली नाही. ती माझ्या संगणकावर तयार होती. अण्णांचा फोटोही होता. निवृत्तीच्या दिवशीचा, गळ्यात हार घातलेला.

शनिवारी सकाळी दहाला ती मुलगी घरात कुणाला न सांगता अहमदपूरच्या स्टँडवर गेली आणि चौकशीच्या खिडकीशी उभी राहिली. हे तिनेच मला नंतर सांगितले. खिडकीत एक तरुण नियंत्रक होता.

"आजोबा हरवलेत. पुकारायचंय."

त्याने नाव विचारले. नाव ऐकल्यावर तो उभा राहिला. "आपले अण्णा? कवापासून?"

"मंगळवारपासून."

"मंगळवारपासून, अन् आज सांगता?" मग म्हणाला, "घरी इचारलंस का? तुझ्या पप्पांना?"

"आजोबा माझे हायत. पुकारा."

त्याने तीनदा पुकारले. तिसऱ्यांदा पुकारून माईक ठेवला आणि दहा मिनिटांच्या आत नांदेड गाडीचा एक कंडक्टर चहा अर्धा टाकून खिडकीशी आला.

"म्या नेलं की अण्णांना. मंगळवारी, दहाच्या गाडीनं. लोह्यात चहा पाजला. 'पुतण्याकडं चाललो, पेपरात असतो' म्हणले. चांगलं बोलले, गाडी दोन मिनटं लेट हाय म्हणून मला रागावले. नांदेडात उतरून दिलं." त्याने मुलीकडे पाहिले. "बाई, म्या रोज हितं दोन फेऱ्या करून राहिलो. कुणी इचारलं असतं तर तवाच सांगितलं असतं."

तिने तिथूनच मला फोन लावून कंडक्टरच्या हातात दिला. त्याने हेच पुन्हा सांगितले.

नांदेडच्या स्टँडपासून आमचे कार्यालय पायी पंधरा मिनिटांवर आहे. मी अकरा वाजता स्टँडवर पोचलो. फोटो दाखवला. तिथल्या एका वयस्क नियंत्रकाने तो लगेच ओळखला.

"हे होय? मंगळवारी दिवसभर इथंच होते. फलाटावर उभे राहून गाड्या पुकारत होते, तोंडानंच. पोरं हसत होती, कुणी व्हिडिओ काढले. पण वेळा बरोबर सांगत होते हो. जुन्या वेळा, पण बरोबर. आम्हाला वाटलं, कुणाचं तरी माणूस आहे, येतील न्यायला."

"मग?"

"रात्री वेटिंगमध्ये झोपले. बुधवारी सकाळी भोकर-हिमायतनगर गाडीत बसलेले पाहिले मी."

मी तिथेच बाकावर बसून हिमायतनगरच्या वार्ताहराला फोन केला. तो दुसऱ्या एका कार्यक्रमात होता; आवाज हळू होता.

"सर, मी ती बातमी दिली होती की. गुरुवारी. शुक्रवारी लागली."

"त्यात ओळखीचं काही होतं का?"

"शेवटी लिहिलं होतं ना सर. छापलं नाही तुम्ही ते."

त्याचा मूळ मजकूर ईमेलमध्ये होता. मोबाइलवर उघडला. कापलेल्या तीन ओळी अशा होत्या : 'शुद्धीवर असताना हा वृद्ध फलाटावर उभा राहून बसगाड्यांच्या वेळा पुकारत होता, असे प्रवाशांनी सांगितले. तो एसटीचा निवृत्त कर्मचारी असावा, असा अंदाज आहे. ओळखणाऱ्यांनी संपर्क साधावा, असे आवाहन पोलिसांनी केले आहे.'

आवाहन हा शब्द आम्ही रोज वापरतो. रक्तदानाचे आवाहन, कर भरण्याचे आवाहन, शांततेचे आवाहन. आवाहन बहुधा बातमीच्या शेवटी असते, म्हणून बहुधा तेच कापले जाते. शुक्रवारच्या अंकात छापलेल्या बातमीत, त्या वृद्धाला पुढील उपचारासाठी नांदेडला हलवल्याचे सहाव्या ओळीत होते. बातमी तिथे संपत होती.

सरकारी दवाखान्यात मी साडेबाराला पोचलो. नोंदवहीत गुरुवार सकाळच्या पानावर 'अनोळखी पुरुष, हिमायतनगर' अशी नोंद होती. थंडी, उपासमार आणि पडल्याने डोक्याला झालेली जखम असे कारण होते. खिशात पाकीट किंवा ओळखपत्र मिळाले नव्हते. त्याच नोंदीपुढे दुसऱ्या शाईने मृत्यूची वेळ लिहिली होती : शनिवार, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे. अहमदपूरच्या स्टँडवर नाव पुकारले गेले त्याच्या चार तास आधी.

वॉर्डातल्या परिचारिकेने विचारले, "तुम्ही कोण त्यांचे?"

"पुतण्या."

"शुक्रवारी दिवसभर बोलत होते. फलाट क्रमांक दोन, फलाट क्रमांक दोन. आम्ही विचारलं, बाबा, नाव काय? तर म्हणाले, गाडी लागलेली आहे." ती गादीची चादर काढत होती. "नाव काही सांगितलं नाही."

आधी कळले असते तर ते वाचले असते का, हे मी डॉक्टरांना विचारले नाही. शवागारात ओळख पटवली. पोलिसांच्या कागदावर सही केली. पोलिसाने विचारले, "हरवल्याची वर्दी कोणत्या ठाण्यात दिली होती?" मी सांगितले की दिली नव्हती. त्याने रकाना रिकामा सोडला.

दादा संध्याकाळी पोचला. तो शवागाराच्या पायरीवर बसला आणि बराच वेळ उठला नाही. नंतर म्हणाला, "तू म्हणाला असतास तर मी ऐकलं असतं रे." मी म्हणालो होतो की नाही, हे आम्ही दोघांनीही पुढे कधी काढले नाही.

रविवारी सकाळी अहमदपूरला अंत्यविधी झाला. साखरपुड्यासाठी घातलेल्या मांडवात लोक बसले. एसटीतले जुने-नवे बरेच जण आले होते. चाचा खांदा द्यायला आले. विधी उरकून परतल्यावर काकूने मला जवळ बोलावले.

"कुठं सापडले म्हणलास?"

"हिमायतनगरला."

"पहिली नेमणूक तिकडंच व्हती त्यांची. दोन वरीस. तुझा दादा झाला नव्हता तवा. स्टँडच्या मागं खोली व्हती आमची." तिने पदर सावरला. "मला कुणी इचारलं?"

त्याच दुपारी निधनवार्ता लिहिली. दादा म्हणाला, "अल्पशा आजारानं लिही." निधनवार्तेला आम्ही पुरावा मागत नाही, घरचे सांगतात ते छापतो. मी 'अल्पशा आजाराने निधन' असे लिहिले. एसटीतली सेवा, मागे पत्नी, मुलगा, सून, नात, असा परिवार. संध्याकाळी हिमायतनगरच्या वार्ताहराची चार ओळींची बातमी आली : 'बसस्थानकात आढळलेल्या त्या वृद्धाची ओळख पटली.' अण्णांचे नाव आणि गाव त्यात होते. अशी बातमी आली तर थांबव, असे दादाने आधीच सांगून ठेवले होते. मी वार्ताहराला फोन केला. तो म्हणाला, "सर, अनोळखी म्हणून मीच दिलंय. ओळख पटली हेही मलाच द्यावं लागेल ना." मी बातमी थांबवली नाही.

सोमवारी दोन्ही प्रसिद्ध झाल्या. लातूर आवृत्तीत अण्णा अल्पशा आजाराने गेले होते. नांदेड आवृत्तीच्या हिमायतनगर पानावर ते बसस्थानकात बेशुद्ध सापडून उपचारादरम्यान गेले होते. नाव एकच, पेपर एकच. दोन्ही मजकूर माझ्या हातून गेले होते. वाचकांचा फोन एकही आला नाही.

तिसऱ्या दिवशी, राख सावडायला, मुलाकडचे आले. मुलाचे वडील दादाच्या शेजारी सतरंजीवर बसले. नांदेड आवृत्तीतली बातमी त्यांना कुणी तरी मोबाइलवर पाठवली होती. दादाने हात जोडले आणि अण्णांच्या आजाराविषयी सांगायला सुरुवात केली. त्यांनी त्याला मधेच थांबवले.

"आम्हाला ठाऊक व्हतं की. पोरगी बघायला आलो तवाच स्टँडवर चहा पिताना कळलं. तिथं सगळ्यांनाच ठाऊक हाय."

"मग तुम्ही बोलला का न्हाईत?"

"तुम्हीच बोलला न्हाईत. मग आम्ही कशाला काढावं?"

ते जेवून गेले. जाताना, तेरावे झाल्यावर तारीख धरू, असे म्हणाले. तेराव्यानंतर त्यांचा फोन आला तो मुलीने घेतला. काय बोलणे झाले ते तिने घरात सांगितले नाही. एवढेच म्हणाली, "मी त्यांना कळवलंय."

साखरपुड्याची नवी तारीख ठरलेली नाही. मुलगी चैत्रापासून लातूरला एका खासगी दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर काम करते.